पाचवा महिना, अडीच वर्षांचं लेकरू आणि थीम पार्कची सहल: जावं का?

पूर्णाकाठ (परभणी)

पाचवा महिना सरत आलाय, दुसरी खेप आहे. मोठा मुलगा अडीच वर्षांचा. दिवाळीची सुट्टी लागली की दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं (एक नववीत, एक सहावीत) आणि आम्ही तिघं, असं मिळून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं घरात चाललंय. पुतणे कधीचे मागं लागलेत, त्यांचा हिरमोड करायची माझी इच्छा नाही. भाड्यानं गाडी करायची, रात्री निघायचं, सकाळी पोचायचं, दिवसभर फिरायचं आणि रात्रीच परत निघायचं असा बेत आहे.

तब्येत चांगली आहे. बीपी, साखर, हिमोग्लोबिन ठीक. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी झाली, डॉक्टर सगळं व्यवस्थित म्हणाल्या. मी राईडमध्ये बसणार नाहीच, तो प्रश्नच नाही. मला विचारायचंय ते बाकीचं. एवढा प्रवास झेपतो का? दिवसभराचं चालणं? मुलगा सध्या माझ्याशिवाय कुणाकडं राहत नाही, झोप आली की त्याला माझीच कड लागते. सासूबाई म्हणायल्यात की असल्या दिवसांत एवढं लांब जाऊ नये.

आणि तरी मला जायचंय. पुतण्यांसाठी म्हणून नाही, माझ्या लेकरासाठी. फेब्रुवारीत दुसरं आलं की पुढं कितीतरी दिवस त्याच्या वाट्याला आई अर्धीच येणार. त्याआधी एक दिवस सगळाच्या सगळा त्याचा असावा असं मनात आहे. ज्या बाया अशा अवस्थेत जाऊन आल्यात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मोंढानाका (जालना)

डॉक्टरांना प्रवासाचं वेगळं विचारलंत का? सोनोग्राफी ठीक आहे याचा अर्थ रात्रभर गाडीत बसायला हरकत नाही असा होत नाही. किती किलोमीटर, कोणती गाडी, किती तास, हे सगळं त्यांना सांगून विचारा.

सिस्टर_बीड

मी बीड जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात प्रसूती विभागात काम करते. ताई, तुम्ही राईडचा विषय एका ओळीत संपवलात, पण मी तिथूनच सुरू करते. कारण तिथं गेल्यावर 'ही तर लहान मुलांची आहे, हिला काय होतं' असं म्हणून बसणाऱ्या बायका असतात.

पोटातल्या बाळाला उंचीनं काही होत नाही. धोका झटक्याचा असतो. पाळणा किंवा गाडी एकदम सुटते, एकदम थांबते, एकदम खाली येते तेव्हा गर्भपिशवी ताणली जाते, पण वार (बाळाला रक्त पोचवणारी प्लासेंटा) तशी ताणत नाही. त्यामुळं वार पिशवीपासून सुटू शकते. गाडीच्या अपघातात पोटावर थेट मार न बसताही, नुसत्या हिसक्यानं हे घडतं, म्हणून आम्ही अशा बाईला काही दुखत नसलं तरी देखरेखीखाली ठेवतो. वार सुटली की रक्त कधी बाहेर दिसतं, कधी आतच साठतं. म्हणून मोठ्या पार्कात राईडपाशी गरोदर बाईनं बसू नये अशी पाटी असते. रोलर कोस्टर सगळ्यांनाच कळतो. पण एकमेकांवर आपटणाऱ्या गाड्या, पाण्याच्या घसरगुंड्या आणि पडद्यावर चित्र दाखवत खुर्च्या हलवणारे खेळ हेही त्यातच आले. ते शेवटचे दिसतात सिनेमासारखे आणि आत खुर्ची चांगली हिसके देते. शिवाय बऱ्याच ठिकाणी मांडीवर जो दांडा येतो तो तुमच्या पोटावरच बसणार.

आता प्रवास. चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंतचा काळ प्रवासाला त्यातल्या त्यात बरा. मळमळ थांबलेली असते, पोट अजून फार जड नसतं. म्हणजे सहाव्या महिन्यात तुम्ही जाणार हे वेळेच्या हिशोबानं ठीकच. पण सोनोग्राफीच्या कागदावर वार कुठं आहे ते बघा. खाली असेल, मधूनमधून अंगावरून लाल जात असेल, आधीचं बाळंतपण दिवसांच्या आधी झालं असेल किंवा बीपी वर असेल, तर ही सहल तुमच्यासाठी नाही. यांतलं काही नसेल आणि तुमच्या डॉक्टरही हो म्हणाल्या तर जा.

तुमच्या बेतात मला सगळ्यात जास्त खटकलं ते रात्री जाऊन रात्री परत येणं. गर्भारपणात रक्त गोठायची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते. तासन्तास पाय खाली सोडून बसलं की पोटरीत गुठळी व्हायची भीती असते. दीड-दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटं चालायचं म्हणजे चालायचंच, आणि रात्री सगळे झोपेत असताना कुणी गाडी थांबवत नाही. ड्रायव्हरलाही तीच जाग. त्या बेतात मध्ये कुठंही झोप नाही, तुम्हाला नाही आणि लेकरालाही नाही.

सीटबेल्ट लावायचाच, मागच्या सीटवरसुद्धा. खालचा पट्टा पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवर. वरचा पट्टा छातीच्या मधून आणि पोटाच्या कडेनं. पोटावरून आडवा पट्टा कधीच नको. आणि मुलाला मांडीवर घेऊन तोच पट्टा दोघांना लावू नका. ब्रेक लागला तर तो तुमच्या पोटावर येईल. त्याची जागा वेगळी, त्याच्या मापाची चाइल्ड सीट मिळाली तर उत्तमच.

चौसोपीवाडा (अंबाजोगाई)

पोरी, माझं वय झालंय, पण सासूबाईंचं बोलणं जुनाट म्हणून बाजूला टाकू नको. त्यांना बोलता येत नसेल नीट, पण त्यांना काय दिसतंय ते मला कळतं. पहिल्या खेपेला बाई एकटी असते, थकली की पडून राहते. दुसऱ्या खेपेला मोठं लेकरू कडेवर असतं. आमच्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. पोटुशी बाई, पाठचं-पुढचं लेकरू सोबत, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून दोन जिल्हे ओलांडायचे. मी आयुष्यभर ते बघत आलेय. त्यांना दुसरा इलाज नसतो गं. तुला आहे.

लेकराला एक दिवस द्यायचाय ना? माहेरी जा, चार दिवस राहा. नदीवर ने, शेतात ने.

पूर्णाकाठ (परभणी)

काकू, तुमचं मन लावून वाचलं. माहेरी तर मी जाणारच आहे सातव्यात, ओटीभरणाला. पण तिथं गेलं की मी आईची मुलगी होते, आणि तो सगळ्यांच्या हातात फिरतो. मला त्याला काहीतरी नवीन दाखवायचंय, त्याच्यासोबत मलाही बघायचंय.

सिस्टर, फार उपकार झाले. वार वरच्या बाजूला आहे असं रिपोर्टात लिहिलंय. रात्रीचा प्रवास आजच घरात बोलते.

हडपसरचा_औसेकर

मूळ औशाचा, आता पुण्यात. बायको सहाव्या महिन्यात असताना आणि मुलगी तीन वर्षांची असताना आम्ही इमॅजिकाला गेलो होतो, म्हणून लिहितो.

ते पार्क खालापूर तालुक्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या जवळ आहे. म्हणजे तुम्हाला परभणीहून पुणं गाठायचं, पुणं ओलांडायचं, लोणावळ्याचा घाट उतरायचा. पार्क २०१३ साली सुरू झालं, शेजारचा वॉटर पार्क २०१४ चा आणि स्नो पार्क २०१६ चा. एका दिवसात तिन्ही करायचं कुणी म्हणालं तर ऐकू नका. स्नो पार्कात बर्फावर पाय ठरत नाही, तुमच्यासाठी तो नाहीच.

तुमच्या पुतण्यांच्या वयाला ती जागा एकदम योग्य. नायट्रो म्हणून मोठा रोलर कोस्टर आहे, डीप स्पेस म्हणून अंधारातला एक आहे, त्यांचा दिवस तिथंच जाईल. पण अडीच वर्षांच्या मुलाचं बघा. प्रत्येक मोठ्या राईडपाशी उंची मोजायची पट्टी असते आणि त्याला बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतील. त्याच्यासाठी घोड्यांचा फिरता पाळणा, दोन-चार छोट्या गोष्टी, बसून बघायचे शो आणि संध्याकाळची मिरवणूक, एवढंच उरतं. आमच्या लेकीला तेवढं पुरलं, कारण आम्ही पुण्याहून सकाळी निघालो होतो आणि दमलो की परत फिरायची सोय होती. तुम्ही साडेचारशे किलोमीटर जाऊन त्या घोड्यावर बसवणार का, हा विचार करा.

शिवाय दिवाळीची सुट्टी म्हणजे गर्दी. रांगेत उभं राहणं हे चालण्यापेक्षा जड जातं. चालताना पोटऱ्या हलत्या असतात, उभं राहिलं की पाय सुजतात आणि कधी चक्कर येते. आम्ही काय केलं, तर रांगेत मी एकटा उभा राहायचो आणि नंबर जवळ आला की फोन करून दोघींना बोलवायचो. पण हे चालेल का ते तिथल्या माणसाला आधी विचारायचं, मागच्या लोकांनाही सांगायचं. पोटाकडं बघून कुणी नाही म्हणालं नाही.

उदगीरचा_चौबारा

आमच्याकडं उदगीर, देगलूर, बिलोलीच्या लोकांना पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. परभणीहूनही नांदेड, निजामाबाद करत रेल्वेनं जाता येतं. गाडीत पडता येतं, उठून चालता येतं, संडास सोबत असतो. गरोदर बाईला या तीन गोष्टी मिळाल्या की निम्मं काम झालं. खालचा बर्थ मिळावा म्हणून गरोदर बायकांसाठी रेल्वेचा कोटा असतो. आरक्षणाच्या खिडकीवर डॉक्टरांचं पत्र दाखवून विचारा.

रामोजी फिल्म सिटी १९९६ ची आहे, १,६६६ एकरांत पसरलेली, तिथलं बरंचसं फिरणं त्यांच्याच बसमधून. पक्षी आहेत, फुलपाखरं आहेत, बागा आहेत. लहान मुलाला राईडपेक्षा हेच झेपतं. फक्त ती शहराच्या पलीकडं, विजयवाड्याच्या रस्त्याला आहे. स्टेशनवर उतरून लगेच तिकडं धावू नका, एक रात्र शहरात मुक्काम करा. बसची चढ-उतर सारखी होते, ती मोजूनच हो म्हणा. वंडरला हे राईडचं पार्कही २०१६ पासून हैदराबादलाच आहे, पण ते मोठ्या मुलांचं. आणि एवढं काही नको असेल तर नेहरू प्राणीसंग्रहालय. आत बॅटरीच्या गाड्या फिरतात, छोटी रेल्वे आहे, वाघ-सिंह बघून लेकरू खूष.

मोंढानाका (जालना)

प्राणीसंग्रहालय बघायचं तर संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यान आहे की. वाघ तिथंही आहेत.

लेकीचा_बाबा (नांदेड)

इथं सगळे ताईंना सांगताहेत, मला त्यांच्या नवऱ्याशी बोलायचंय. ताई, हे त्यांना वाचायला द्या.

भाऊ, सहलीच्या दिवशी सकाळी 'आज मी सांभाळतो' म्हणून चालत नाही. अडीच वर्षांचं मूल एका दिवसात बापाकडं वळत नाही. तयारी आजपासून करायची. रात्री झोपवायचं काम तुम्ही घ्या. पहिले काही दिवस ते रडेल, आईला हाका मारेल. आईनं दुसऱ्या खोलीत जायचं आणि तुम्ही मांडीवर थोपटत, गाणं म्हणत, गोष्ट सांगत बसायचं. आमच्या मुलीनं मला किती रात्री जागवलं, पण मग ती माझ्या खांद्यावर झोपायला लागली. हे फक्त सहलीसाठी नाही. फेब्रुवारीत ताई दवाखान्यात असतील तेव्हा त्याला कोण झोपवणार आहे?

दुसरं म्हणजे बाबागाडी. आपल्याकडं पोरं कडेवरच वाढतात, बाबागाडी ढकलायला लोकांना लाज वाटते. सहलीपुरती कुणाची तरी मागून घ्या, घडी होणारी. दुपारी त्यात ते झोपलं की तुमचेही हात मोकळे आणि ताईंचेही.

तिसरं. सकाळी निघताना त्याचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांसकट. भडक रंगाचा शर्ट घाला. मनगटावर पट्टी बांधून तिच्यावर तुमचा फोन नंबर लिहा, ताईंचा नको, कारण हरवलेल्या मुलासाठी धावायचं काम तुमचं. आणि घरातल्या सगळ्यांमध्ये 'आता लेकरू कोणाकडं आहे' हे प्रत्येक वेळी तोंडानं म्हणायचं. सहा माणसं सोबत असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याकडं आहे.

सिस्टर_बीड

नांदेडच्या भावांनी लिहिलेलं प्रत्येक बापानं वाचावं. मी उचलण्याबद्दल भर घालते, कारण लेकराला उचलायचंच नाही असं बायकांना सांगितलं जातं आणि मग त्या बिचाऱ्या मन मारतात. गर्भारपण सुरळीत असेल तर मोठ्या लेकराला कडेवर घ्यायला बंदी नाही. पण सांधे ढिले झालेले असतात, पोटाचा भार पुढं आलेला असतो, त्यामुळं तोल जातो आणि कंबर धरते. कमरेतून वाकून उचलू नका. गुडघ्यात बसा, त्याला छातीशी धरा आणि पायांच्या जोरावर उठा. त्याहून सोपं म्हणजे तुम्ही बाकावर बसा आणि त्याला वर चढू द्या. त्याला मिठी हवी असते, ती बसूनही मिळते. दिवसभर कडेवर घेऊन चालणं मात्र नाही.

लोहा_कंधार

थीम पार्कात निदान पाटी असते, माणूस अडवतो. आमच्याकडं माळेगावच्या जत्रेला या. खंडोबाची जत्रा, मोठमोठे आकाशपाळणे, मौत का कुवा, ड्रॅगनची गाडी. गरोदर बाईला बसू नको म्हणणारं तिथं कुणी दिसत नाही, आणि घरचेच म्हणतात, बस गं एक चक्कर, देवाच्या जत्रेत काही होत नाही. सिस्टर, तुम्ही वर झटक्याचं जे लिहिलंत ते मी आमच्या गावच्या ग्रुपवर टाकतो आहे. जत्रेच्या आधी आशाताईंनी घरोघरी सांगितलं तर किती बरं होईल. थीम पार्कला जाणाऱ्या बायका थोड्या, जत्रेला तर अख्खा तालुका जातो.

सिस्टर_बीड

जरूर टाका दादा. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथं आलेल्या बायकांनाही मी यंदा हे सांगणार आहे.

देवगिरीपायथा (छत्रपती संभाजीनगर)

पूर्णाकाठ, तुमच्या सगळ्या गरजा एकत्र ठेवल्या तर मला शिर्डी दिसते. ऐका कसं ते.

शिर्डीत वॉटर पार्क आहे आणि त्याच्या शेजारीच साईतीर्थ नावाचं भक्तीवर आधारलेलं थीम पार्क आहे. पुतणे दिवसभर पाण्यात. तुम्ही, मुलगा आणि सासूबाईसुद्धा साईतीर्थमध्ये. तिथं बरंचसं सावलीत, बसून बघायचं आहे. देवळांच्या प्रतिकृतींमधून हळू नेणारी एक राईड आहे, शो आहेत. दोन्ही जागा जवळजवळ असल्यानं कुणाला कुणाची वाट बघत ताटकळावं लागत नाही. सासूबाईंना साईबाबांचं दर्शन घडतं, म्हणजे त्यांचीही नाराजी उरत नाही. हे मी त्यांना पटवायची युक्ती म्हणून लिहीत नाही, सोबत एक मोठी बाई असणं तुमच्या लेकरासाठी खरंच मोठा आधार आहे.

अंतर बघा. संभाजीनगरहून शिर्डी शंभर-सव्वाशे किलोमीटर. परभणीहून रेल्वेनं इथपर्यंत या, दिवसा. रात्री इथंच राहा, सकाळी आरामात गाडीनं निघा. समृद्धी महामार्गानं रस्ता गुळगुळीत, खड्डे नाहीत, पोटाला हादरे नाहीत. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला तेव्हापासून आमच्याकडचे सगळे तसेच जातात. पण एक लक्षात ठेवा, त्या रस्त्यावर मनात आलं तिथं थांबता येत नाही. आत शिरलं की ठरलेल्या ठिकाणीच बाहेर पडायचं. म्हणून चढायच्या आधी संडासला जाऊन घ्या, लेकरालाही नेऊन आणा. वैजापूर-कोपरगावचा जुना रस्ता घेतला तर वेळ जास्त लागेल, पण दर थोड्या अंतरावर गाव, चहाची टपरी, झाडाची सावली आहे. मला विचाराल तर जाताना समृद्धी, येताना घाई नसेल तर जुना रस्ता.

हडपसरचा_औसेकर

हे उत्तम. इमॅजिका पुतण्यांना दोन वर्षांनी दाखवा, तेव्हा तुमचाही मुलगा उंचीच्या पट्टीत बसेल.

धपाटेदही (हिंगोली)

वॉटर पार्कबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी सहाव्या महिन्यात गेले होते. पाण्यात उतरायला हरकत नव्हती, डॉक्टरांनी सांगितलं होतं की क्लोरीन टाकलेल्या स्वच्छ पाण्यात घोटाभर-गुडघाभर बसा. पण लाटांचा तलाव नको. लाट काही करत नाही, लोक अंगावर येऊन पडतात. ओल्या फरशीवर तर पावलापावलाला जीव मुठीत. रबरी, खाली खाचा असलेली चप्पल आत चालते का ते आधी विचारून घ्या, नाहीतर कुणाचा तरी हात धरूनच चाला. नायलॉनचाच पोशाख पाहिजे असा नियम असतो आणि तिथं भाड्यानं मिळणारे कपडे पोटावर बसत नाहीत. घरूनच सैल, लांब, नायलॉनचा घेऊन जा. गरम पाण्याचं कुंड दिसलं तर तिकडं वळूच नका, पोटात बाळ असताना अंग फार तापणं चांगलं नाही.

लेकराला पाण्यात अर्ध्या तासावर ठेवू नका. ओठ निळसर दिसले की बाहेर, टॉवेल, कोरडे कपडे, लगेच खायला.

मोंढानाका (जालना)

खाण्याचं काय करता तुम्ही लोक? बाहेरचं आत नेऊ देत नाहीत.

धपाटेदही (हिंगोली)

लहान मुलाचं खाणं आणि औषधं बहुतेक ठिकाणी सोडतात, गेटवर नीट सांगायचं. मी गुळाच्या दशम्या, राजगिऱ्याचे लाडू आणि मेतकूट नेते. मऊ भात आत कुठंही मिळतो, त्यावर मेतकूट आणि तूप घातलं की लेकरू जेवतं. गाडीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, ती मोठ्यांसाठी. स्वतःच्या पिशवीत चार दाणे-गूळ कायम ठेवायचे. गरोदर बाईनं तीन तास उपाशी राहिलं की चक्कर येते, आणि रांगेत चक्कर आली तर लेकराचा हात सुटतो. कापून ठेवलेली फळं, उघडी पाणीपुरी, बर्फाचे गोळे, यांना हात लावू नका. पोट बिघडून जुलाब लागले तर अंगातलं पाणी जातं आणि पोट कडक व्हायला लागतं.

सिस्टर_बीड

अगदी बरोबर. दिवाळीनंतर थंडी पडते म्हणून बायका पाणी प्यायचं विसरतात, आणि सारखं लघवीला जावं लागू नये म्हणून मुद्दाम कमी पितात. असं करू नका. लघवी पिवळीधमक झाली की समजा पाणी कमी पडलं. ओआरएसच्या पुड्या सोबत ठेवा.

चौसोपीवाडा (अंबाजोगाई)

शिर्डीचं ऐकून बरं वाटलं. सासूबाई सोबत असल्या आणि मध्ये मुक्काम असला तर मी अडवणार नाही. दुपारी मात्र खोलीवर येऊन पाय वर करून पड. दोघं मायलेकरं झोपा. संध्याकाळी पुन्हा जा.

पूर्णाकाठ (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा मी यांना आणि जाऊबाईंना वाचून दाखवला. दीर लगेच म्हणाले, वहिनी, इमॅजिका कुठं पळून जात नाही. पुतण्यांनी वॉटर पार्कचे व्हिडिओ बघितले आणि तेही तयार झाले. धाकटा तर पोहायला शिकतो म्हणून हट्ट धरून बसलाय. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी आधी काही उत्तर दिलं नाही, आज सकाळी बघते तर काकडआरतीची वेळ कुणाला तरी फोनवर विचारायल्या होत्या.

ठरलं ते असं. दिवसाच्या रेल्वेनं संभाजीनगर, रात्री नणंदेकडं मुक्काम. दुसऱ्या दिवशी शिर्डी, तिथं एक रात्र. तिसऱ्या दिवशी दर्शन आणि जुन्या रस्त्यानं परत. डॉक्टरांना परवा दाखवायचंय, तेव्हा हा सगळा कार्यक्रम लिहून नेणार आहे. त्या नको म्हणाल्या तर बाकीचे जातील आणि मी मुलाला घेऊन घरी थांबेन, तसंही घरात सांगून ठेवलंय.

यांनी आजपासून झोपवायचं काम घेतलंय. मुलगा बराच वेळ रडला, मी स्वयंपाकघरात बसून राहिले. सोपं नव्हतं, पण झोपला शेवटी त्यांच्याकडं.

दोन प्रश्न राहिलेत. साईतीर्थमध्ये खुर्च्या हलणारा एक फाइव्ह-डी शो आहे असं ऐकलं, तो मी बघू शकते का? आणि वाटेत काही झालं तर नेमकं कशाला घाबरायचं, कशाला नाही?

देवगिरीपायथा (छत्रपती संभाजीनगर)

तो शो आहे, हनुमानाच्या लंकादहनाचा. तो तुमच्या नवऱ्याला आणि मोठ्या मुलांना बघू द्या. अडीच वर्षांच्या लेकराला अंधार, मोठा आवाज आणि अंगावर येणारं पाणी यांची धास्ती बसू शकते, म्हणून त्याच्यासोबत तुम्ही बाहेर थांबणं दोघांनाही बरं.

सिस्टर_बीड

हलणारी खुर्ची नको, मग ती देवाच्या शोमध्ये का असेना. साध्या खुर्चीवर बसून बघायचे शो खुशाल बघा, फक्त भोंग्याच्या अगदी शेजारची जागा घेऊ नका.

दुसरा प्रश्न फार योग्य विचारलात. चालून पाय दुखणं, संध्याकाळी पावलं थोडी सुजणं, मधूनच पोट कडक होऊन बसल्यावर सैल पडणं, हे होतं. अशा वेळी सावलीत डाव्या कुशीवर पडा, दोन पेले पाणी प्या, तासाभरात उतरलं पाहिजे. पण अंगावरून रक्त गेलं, पाणी गेल्यासारखं वाटलं, पोट ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा कडक व्हायला लागलं किंवा कडक झालेलं सैलच पडेना, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, चेहरा-हात सुजले, एका पोटरीत दुखून ती लाल-गरम झाली, किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर घरी जाऊन बघू असं म्हणायचं नाही. तुम्ही पडलात किंवा पोटाला धक्का बसला तर काही दुखत नसलं तरी दाखवायचं. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते. शिर्डीत साईबाबा संस्थानचं रुग्णालय आहे, म्हणजे तिथं असताना दवाखाना लांब नाही. रस्त्यात असाल तर संभाजीनगरचं शासकीय रुग्णालय, ज्याला आपण घाटी म्हणतो.

माता बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्तगट लिहिलेला कागद, हे तुमच्या पर्समध्ये. आणि त्या सगळ्यांचे फोटो तुमच्या नवऱ्याच्या फोनमध्ये, कारण गडबडीत पर्स कुणाकडं आहे ते सापडत नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पडल्यावर किंवा रक्त गेल्यावर एक इंजेक्शन लागू शकतं, म्हणून तिथल्या डॉक्टरांना तोंडानंही सांगा.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बॅगेत टाकायला विसरू नका. दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत, मध्ये दोन तास जाऊ द्या.